कॉलेजात असताना स्टार्टअप करायचाय? इन्क्युबेशन सेंटरची पायरी कधी आणि कशी चढायची

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की ज्युनिअर मुलामुलींचे फोन यायला लागतात, ताई आम्ही कंपनी रजिस्टर केली, आता फंडिंग कुठून मिळेल ते सांगा. आणि हे ऐकलं की दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो, कारण आधी कंपनी आणि बाकी सगळं नंतर हाच क्रम आम्ही तिघांनी धरला होता आणि ते निस्तरण्यात पुढची तीन वर्षं गेली. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय, इन्क्युबेशन सेंटरसकट, म्हणजे नव्या स्टार्टअपला सुरुवातीला जागा, लॅब आणि मार्गदर्शन देणारं ठिकाण. तुम्ही विद्यार्थी आहात तोवर तुम्हाला अशा काही गोष्टी फुकट किंवा जवळपास फुकट मिळतात ज्या नंतर पैसे देऊनही सहज मिळत नाहीत, पण कुठली कधी घ्यायची याला क्रम आहे, आणि कंपनी रजिस्टर केली की काही घड्याळं चालू होतात ती थांबवता येत नाहीत.

आमचं काम बेदाणा शेडसाठी होतं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं रॅकवर वाळत असतात आणि नेमका त्याच वेळी वळीव येतो, हवेत ओल वाढली की बेदाणा काळा पडतो आणि मग दर पडतो. शेडमधली ओल मोजून आधीच सांगणारं छोटं यंत्र, एवढीच कल्पना होती. पुढे उदाहरणं त्यातलीच येतील.

आधी कॉलेजची पॉलिसी मागून घ्या

बहुतेक मुलं थेट पैशाच्या स्कीमपासून सुरू करतात. तुम्ही एका पीडीएफपासून करा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने, तेव्हा ते मनुष्यबळ विकास मंत्रालय होतं, २०१९ मध्ये नॅशनल इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसी काढली, सगळे तिला एनआयएसपी म्हणतात. ही कॉलेज आणि विद्यापीठांसाठीची मार्गदर्शक चौकट आहे, तिच्यावरून प्रत्येक संस्थेने स्वतःची पॉलिसी करून मंजूर करून घ्यायची असते. म्हणजे तुमच्यावर लागू होते ती तुमच्या कॉलेजची पॉलिसी. ती मागा. कॉलेजात आयआयसी म्हणजे इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल असेल, २०१८ पासून मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलने ही कौन्सिलं सुरू केली, तिचे कन्व्हेनर सर किंवा मॅडम कोण आहेत ते शोधा आणि त्यांच्याकडे जा.

एनआयएसपीमध्ये विद्यार्थ्यांच्या कामाच्या ज्या गोष्टी आहेत त्या फार थोड्या मुलांनी वाचलेल्या असतात. स्टार्टअपच्या कामामुळे हजेरी कमी भरली तर संस्थेच्या पूर्वपरवानगीने परीक्षेला बसू द्यावं असं त्यात आहे. तुमचं स्टार्टअपचं काम प्रोजेक्ट किंवा सेमिनार म्हणून धरता यावं असं आहे. एखादं सेमिस्टर किंवा वर्ष ब्रेक घेऊन परत येता यावं असंही आहे. कॉलेजचा पत्ता कंपनीचा नोंदणीकृत पत्ता म्हणून वापरता येतो, तोही परवानगी घेऊन. आणि इन्क्युबेशनची जागा सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना चोवीस तास खुली असावी असं स्पष्ट लिहिलंय, सगळ्या शाखांच्या म्हणजे बीए, बीकॉमवाल्यांनाही, ते फक्त इंजिनिअरिंगचं दुकान नाही.

यात पूर्वपरवानगी हा शब्द महत्त्वाचा. सेमिस्टर संपल्यावर हजेरीचा विषय घेऊन प्राचार्यांकडे गेलात तर ते काहीच करू शकत नाहीत. सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यातच अर्ज द्या, सोबत कामाचं वेळापत्रक लावा, कन्व्हेनरची सही घ्या आणि इनवर्ड नंबर पडलेली कॉपी स्वतःकडे ठेवा. होस्टेलला राहणाऱ्या मुलींसाठी हे आणखी गरजेचं आहे. लॅब चोवीस तास उघडी असते पण मुलींच्या होस्टेलचं गेट लवकर बंद होतं, मग मुलं रात्री काम करतात आणि मुली सकाळी येऊन काय झालं ते विचारतात. आम्ही रेक्टर मॅडमच्या नावाने सेंटरचं पत्र घेतलं, त्यात कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत काम आणि परत सोडायला कोण हे लिहिलेलं होतं, आणि त्या एका पत्रावर अख्खं वर्ष निघालं. तोंडी परवानगीवर राहू नका, रेक्टर बदलतात.

सेंटरला जायच्या आधी लोकांना भेटा

याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या असं मी म्हणेन आणि नेमकी हीच सगळे उडी मारून टाळतात.

आम्ही सुरुवातीला मोबाईल ॲप बनवत होतो. ओल वाढली की फोनवर नोटिफिकेशन, ग्राफ, मागच्या आठवड्याचा रेकॉर्ड, सगळं. मग एका सरांनी सांगितलं की आधी दहा शेडवर जाऊन या. सावळजच्या बाजूला एका शेडवर अण्णा भेटले, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पोरी, माझा मोबाईल रात्री घरी चार्जिंगला असतो आणि शेडवर माणूस झोपलेला असतो, तू मला भोंगा दे. झालं, आमचं चार महिन्यांचं ॲप एका वाक्यात बाजूला पडलं आणि यंत्राला भोंगा लागला. पुढे जेवढ्या शेडवर गेलो तिथे हेच ऐकलं, रात्री पडदे सोडायला माणूस उठला पाहिजे, बाकी ग्राफ वगैरे कुणाला नको होते.

तर तुम्ही काय करायचं, एक साधी वही करा. भेटीची तारीख, गाव, तो माणूस आज हा प्रॉब्लेम कसा सोडवतो, त्यात त्याचे किती पैसे आणि किती वेळ जातो, आणि त्याच्याच शब्दांतलं एक वाक्य. तुमची आयडिया त्याला सांगून आवडली का असं विचारू नका, आपल्याकडे पोराला तोंडावर वाईट कोणी म्हणत नाही, सगळे छान आहे बाळा म्हणतात आणि चहा पाजतात. मागच्या वेळी नुकसान झालं तेव्हा नेमकं काय केलंत, असं विचारा. निदान वीस-पंचवीस माणसं झाल्याशिवाय थांबू नका. ही वही पुढे प्रत्येक कमिटीसमोर उपयोगी पडते, प्रेझेंटेशनपेक्षा जास्त.

जायचं कुठे

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ आल्यापासून राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. नाव भारदस्त आहे पण तिथे गेलात की माणसं बोलतात. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात या नावाचंच केंद्र आहे, संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, जळगावच्या विद्यापीठाचं खान्देशासाठीचं सेंटर आहे, आणि मुंबई, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, नागपूर इथल्या विद्यापीठांनीही आपापली सेंटरं चालवली आहेत. तुम्ही संलग्न कॉलेजात असाल तरी विद्यापीठाचं सेंटर तुमचंच आहे, हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

याशिवाय पुण्यात पाषाणला एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, केमिकल, बायोटेक, मेडिकल उपकरणं असं काम असेल तर आधी तिकडे बघा. सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत सोमय्या विद्याविहारचं रिडल आहे, आयआयटी मुंबईचं साइन २००४ पासून आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज कंपनी साइनमध्येच वाढली, आयआयटीच्याच मुलांनी २००७ मध्ये सुरू केली आणि २०२३ मध्ये ती शेअर बाजारात आली, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेली, हे आकडे घरच्यांना जरूर दाखवा कारण त्यांना वाटतं दोन वर्षांत निकाल लागतो. संभाजीनगरला तिथल्या उद्योजकांच्या संघटनेने उभं केलेलं मॅजिक आहे. गोव्यात फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजात फायर आहे, वेर्ण्याला सिबा, आणि गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं अटल इन्क्युबेशन सेंटर.

आपल्या कॉलेजचं सेंटर नुसतं बोर्ड आणि रिबीन कापल्याचा फोटो एवढंच असेल तर तिथे दोन वर्षं घालवू नका. ओळखायचं कसं? तिथे आत्ता बसून काम करणारे तीन फाउंडर कोण आहेत विचारा आणि त्यांना एकटं भेटा. मशीनवर धूळ आहे का बघा. थ्रीडी प्रिंटरची फिलामेंट कोण आणतं, संपली तर किती दिवसांत येते, हे विचारलंत की सगळं कळतं.

पहिल्या भेटीत काय मागायचं

पैसे मागू नका. खरंच. पहिल्या भेटीत प्री-इन्क्युबेशन मागा. प्री-इन्क्युबेशनला कंपनी लागत नाही, आयडिया आणि टीम लागते, आणि त्यात बसायला जागा, लॅब, मेंटॉर, ओळखी मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लेटरहेडवरचं पत्र मिळतं. आम्ही बाजार समितीत माहिती विचारायला गेलो तेव्हा पहिल्यांदा कोणी दाद दिली नाही, दुसऱ्यांदा सेंटरचं पत्र घेऊन गेलो तर खुर्ची मिळाली आणि सौदे कसे होतात ते बघायला मिळालं.

सोबत एकच पान न्या. प्रॉब्लेम कुणाचा, तो आज काय करतो, तुम्ही काय बनवलंय किंवा बनवणार, टीममध्ये कोण काय करतं, आणि पुढच्या तीन महिन्यांत सेंटरकडून नेमकं काय हवंय. हे शेवटचं फार कमी जण लिहितात. आम्हाला मार्गदर्शन हवंय असं लिहिलंत तर समोरच्याला काय द्यायचं तेच कळत नाही, आम्हाला ह्युमिडिटी चेंबर आठवड्यातून दोन दिवस हवाय असं लिहिलं की लगेच फोन लागतो.

पोस्टर लावायच्या आधी पेटंटचं बघा

हे मी कळवळून सांगतेय. आम्ही एका स्पर्धेत पोस्टर लावलं, त्यावर पूर्ण सर्किट, सेन्सर कुठे आणि का बसवलाय, सगळं मोठ्या अक्षरांत. बक्षीसही मिळालं. नंतर पेटंटसाठी गेलो तर एजंटने पहिला प्रश्न विचारला, हे कुठे दाखवलंय का. भारतात पेटंटसाठी शोध अर्जाच्या तारखेला नवा असावा लागतो आणि तुम्ही स्वतःच तो जगाला दाखवला असेल तरी नवेपणा जाऊ शकतो, कायद्यात अपवाद आहेत पण फारच मोजके आणि त्यांच्या भरवशावर राहण्यासारखे नाहीत. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत भाग घ्या, हॅकेथॉनला जा, पण त्याच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. ऑनलाइन प्रोव्हिजनल अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि शिक्षण संस्थांना १,६०० रुपये आहे, बस. मग पूर्ण स्पेसिफिकेशन म्हणजे शोधाचा सगळा तपशील द्यायला १२ महिने मिळतात, तेवढ्यात काम पुढे न्या. अर्ज टाकायचा नसेल तर पोस्टरवर यंत्र काय करतं तेवढंच लिहा, कसं करतं ते लिहू नका.

नुसत्या ॲपच्या कल्पनेला किंवा बिझनेसच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका.

आता मालकी कुणाची हा प्रश्न. एनआयएसपीत ते बऱ्यापैकी सरळ मांडलंय, संस्थेची साधनं आणि पैसा मोठ्या प्रमाणात वापरला असेल किंवा शोध अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लागला असेल तर मालकी संस्था आणि संशोधक यांची मिळून, आणि विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेची साधनं न वापरता केलं असेल तर पूर्ण त्याची. म्हणजे बघा, फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून जे सबमिट कराल त्यात कॉलेजचा वाटा आलाच. त्यात वाईट काही नाही, कधीकधी फी संस्था भरते आणि आपल्याला परवडतं, पण हे ठरवून करा, नकळत होऊ देऊ नका. काय घरी केलं, काय लॅबमध्ये, कुठल्या तारखेला, याची नोंद त्याच वहीच्या मागच्या बाजूला ठेवत चला. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीची पेटंटच्या खर्चाचा परतावा देणारी स्कीमही आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्टार्टअप असावं लागतं, म्हणजे ते पुढचं.

कंपनी कधी काढायची

कोणीतरी पैसे देऊन विकत घ्यायला तयार झाला, किंवा ज्या स्कीमला कंपनी लागतेच त्या स्कीमचा अर्ज पुढच्या दोन-तीन महिन्यांत टाकायचाय, तेव्हा. त्याआधी नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर कंपनीचं नाव छान दिसतं म्हणून तर अजिबात नाही.

कारण सांगते. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर लागतात, वय १८ पूर्ण, आणि ती काढणं आजकाल सोपं आहे, ऑनलाइन होऊन जातं. अवघड आहे ते चालवणं. एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट करावंच लागतं आणि दोन वार्षिक फॉर्म भरावे लागतात, ते चुकले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये लेट फी. परीक्षा, सबमिशन, प्लेसमेंट यात ३०० दिवस विसरलात तर दोन फॉर्मचे ६०,००० रुपये झाले, आणि एवढे पैसे होस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी आणायचे कुठून. बंद करायलाही फी आहेच. म्हणून सुरुवातीची पाच-दहा यंत्रं विकायची तर एकाच्या नावाने प्रोप्रायटरशिप म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा आणि उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी पुरते. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे आणि केंद्राच्या स्टार्टअप इंडियाची मान्यताही फुकट आहे, फोन करून यासाठी पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. पण लक्षात ठेवा, प्रोप्रायटरशिपला स्टार्टअपची मान्यता मिळत नाही, त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते.

आणि दुसरं कारण घड्याळाचं. स्टार्टअप इंडिया सीड फंड ही २०२१ मध्ये सुरू झालेली स्कीम, तिच्यात अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट होती. आम्ही तिसऱ्या वर्षाला हौसेने कंपनी काढली, यंत्र खऱ्या अर्थाने शेडवर टिकायला दोन सीझन गेले, बेदाण्याचा सीझन वर्षातून एकदाच येतो ना, आणि अर्ज लिहायला बसलो तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. वीस लाखांपर्यंतची ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, आम्ही नुसत्या तारखेमुळे गमावली. शेतीशी निगडित काम असेल तर हे दोनदा वाचा, तुमची दोन वर्षं म्हणजे फक्त दोन सीझन.

कंपनी काढायच्या आधी मित्रांमध्ये कागद करा. आम्ही तिघांनी सारखे वाटे घेतले आणि बाकी काही लिहिलं नाही, कारण मैत्रीत कागद कशाला. वर्षभरात एकाला कॅम्पसमधून नोकरी लागली, तो गेला, त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, घरी गरज होती. पण एक तृतीयांश शेअर त्याच्या नावावर राहिले आणि पुढे प्रत्येक कमिटी विचारायची की हा तिसरा कोण आणि काय करतो. यावर उपाय साधा आहे, शेअर एकदम द्यायचे नाहीत, चार वर्षांत थोडे थोडे पक्के होतील आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडून गेला तर काहीच मिळणार नाही असं ठरवायचं, याला व्हेस्टिंग म्हणतात. सेंटरच्या सीएसकडून म्हणजे कंपनी सेक्रेटरीकडून किंवा वकिलाकडून हा करार करून घ्या, प्री-इन्क्युबेशनमध्ये ही मदत बऱ्याचदा फुकट मिळते.

पैसे, कुठल्या टप्प्याला कुठले

प्रत्यक्ष हातात धरता येणारी वस्तू बनवताय आणि अजून प्रोटोटाईप म्हणजे चालणारा पहिला नमुना नाही, तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास बघा. १० लाखांपर्यंत ग्रँट, आणि कंपनी नसली तरी व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. नुसत्या सॉफ्टवेअरला मिळत नाही. अर्ज थेट दिल्लीला जात नाही, प्रयास सेंटर म्हणून मान्यता असलेल्या इन्क्युबेटरकडे करायचा असतो.

डिग्री संपली, घरचे म्हणतायत नोकरी बघ, आणि काम अर्धवट आहे, अशा वेळी त्याच विभागाची निधी-ईआयआर आहे, महिना ३०,००० रुपयांपर्यंत मानधन, सहसा वर्षभर. त्या काळात दुसरी नोकरी करता येत नाही. माझ्या घरी बाबांना स्टार्टअप हा शब्द कधी पटला नाही पण दर महिन्याला बँकेत पैसे येतायत म्हटल्यावर ते शांत झाले, त्यामुळे या स्कीमबद्दल मला फार माया आहे.

औषध, डायग्नोस्टिक, मेडिकल उपकरण, बायोटेक असेल तर बायरॅक या केंद्राच्या बायोटेक क्षेत्रातल्या संस्थेची बिग ग्रँट, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, वर्षातून दोनदा अर्ज उघडतात, १ जानेवारी आणि १ जुलै. रक्कम बघून घाईत अर्ज टाकू नका, तिथे प्रश्न फार खोलात विचारतात.

कंपनी आणि मान्यता असलेल्यांसाठी वर सांगितलेला सीड फंड होता, त्याची मंजुरी २०२१-२२ पासून चार वर्षांची होती. प्रोटोटाईप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, ती टप्प्याटप्प्याने मिळायची, आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा कन्व्हर्टिबल म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या स्वरूपात, म्हणजे फुकट नाही. एका अर्जात तीन इन्क्युबेटर निवडता यायचे, तसं असेल तर तिघांशी आधी बोलून मगच नावं टाका. पण आता अर्ज घेतायत का ते आधी पोर्टलवर बघा.

आणि एक जी मला सगळ्यात आवडते ती महाराष्ट्र स्टार्टअप वीक. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीने २०१८ पासून घेतलेली, निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी विभागात आपलं उत्पादन वापरून दाखवण्यासाठी वर्क ऑर्डर, सुरुवातीला ती १५ लाखांपर्यंत होती. ग्रँटपेक्षा ऑर्डर कधीही चांगली, कारण ऑर्डर म्हणजे कोणीतरी वापरणार आहे.

ग्रँटचे पैसे आले की त्यासाठी वेगळं बँक खातं ठेवा, जीएसटी बिलाशिवाय काही घेऊ नका, मोठ्या वस्तूला तीन कोटेशन, आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर. पुढचा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला दिल्याशिवाय सुटत नाही आणि तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून रोखीने आणलेल्या सेन्सरचं बिल कुठून आणणार. आणि हप्ते उशिरा येतात हे धरूनच चाला, दोन-तीन महिने स्वतःच्या पैशाने निघतील अशी सोय ठेवा.

सही करायच्या आधी

इन्क्युबेशनचा करार इंग्रजीत असतो आणि लांब असतो, तरी पूर्ण वाचा, नसेल कळत तर कळणाऱ्याला शेजारी बसवून वाचा. सेंटर शेअर मागत असेल तर घाबरू नका, एनआयएसपीत संस्थेसाठी २ ते ९.५ टक्के असा पट्टा सुचवलाय. पण बदल्यात काय मिळणार हे लिहून घ्या, नुसती खुर्ची आणि वायफायसाठी नऊ टक्के देणं मला पटत नाही, लॅब, पेटंटचा खर्च, सीड फंड मिळत असेल तर गोष्ट वेगळी. एखादे सर काहीही वेळ न देता वैयक्तिक शेअर मागत असतील तर नम्रपणे सांगा की कन्व्हेनर आणि सेंटरच्या कमिटीसमोर ठरवूया, लेखी म्हटलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सरळ होतात. किती महिन्यांनी बाहेर पडायचं, भाडं कधीपासून आणि किती, मध्येच सोडलं तर शेअरचं काय, आणि लॅबमध्ये लागलेल्या शोधाची मालकी, या चार ठिकाणी पेन्सिलने खूण करून शंका विचारा.

नाही म्हणाले तर

म्हणतीलच. आमचे दोन अर्ज नाकारले गेले. पहिल्या वेळी आम्ही रडलो आणि घरी आलो, दुसऱ्या वेळी मेल करून कमिटीचे शेरे मागितले, आणि ते मिळाले, मागितले की बहुतेक ठिकाणी देतात. शेरा एवढाच होता, ग्राहक पैसे देईल याचा पुरावा नाही. मग त्या सीझनला आम्ही प्रेझेंटेशनला हात लावला नाही, पाच यंत्रं बनवली आणि पाच शेडवर भाड्याने लावली, सीझनचं भाडं आगाऊ घेऊन, कमी का असेना पण घेऊन. एका रात्री अडीचला जतच्या शेडवर भोंगा वाजला, पडदे सुटले, तासाभराने पाऊस आला. त्या शेडमालकाने दिलेली पावती आणि त्याच्या हातचं चार ओळींचं पत्र तिसऱ्या अर्जाला जोडलं. मुलाखतीत कमिटीने सुरुवातीची पाच मिनिटं स्लाइडच बघितल्या नाहीत, ते पत्रच एकमेकांकडे देत वाचत होते, आणि मग पहिला प्रश्न आला की पुढच्या सीझनला किती शेडवर लावताय.